शिप्रेतला एक दगड उलटून बघा



थंडीच्या आठवणी लिहायच्या ठरल्यापासून कार्तिक मेळा झाला, गराडू झाले, शेतावरच्या दाल-बाफल्यांच्या सहलीही झाल्या. सगळं वाचताना मजा आली. मी आज आठवणीबरोबर एक मतही मांडणार आहे. लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मत असं की, २०२८ च्या सिंहस्थापर्यंत आपली शिप्रा किती सुधारली हे ठरवायला घाटावर डुबकीपुरतं पाणी आहे का, एवढंच बघून भागणार नाही. ऐन थंडीत नदीच्या तळाचा एक दगड उचलून उलटा करा आणि त्याला काय चिकटलंय ते बघा. नदीची तब्येत तिथे कळते. ही गोष्ट माझ्या डोक्यात घातली ती मासे धरणाऱ्या एका मुलाने.

मासे म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या घरांत भुवया वर जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते. रामघाटावर किंवा कुठल्याही स्नानाच्या घाटावर गळ टाकावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. ती देवाची जागा आहे, तिथले मासे लोकांच्या श्रद्धेचे आहेत. पण नदी घाटाच्या वर आणि खालीही असते, हे आपण विसरतो.

माझे मोठे मामा रेल्वेत होते. साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते. रविवारी सकाळी अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, सायकलच्या दांडीला बांबूची काठी आणि डब्यात कणकेचा हळद घातलेला गोळा, असे ते गंभीर नदीवर जायचे. मामी घरात मासा शिजवू द्यायची नाही. परसात वेगळी चूल होती, भांडीही वेगळी. मामांना मासा मिळायचाच असं नाही, पण ते परत आले की नदीची बातमी घेऊन यायचे. पाणी किती उतरलं, कुठल्या डोहात पढिन दिसला, कुठल्या बाजूला कपडे धुणं वाढलं. १६ जून ते १५ ऑगस्ट हे दोन महिने काठी माळ्यावर असायची. तो माशांच्या विणीचा काळ. आपल्या राज्यात तेव्हा मासेमारी बंद ठेवायचा नियम आजही आहे. दिवाळी झाली, गढूळ पाणी निवळलं, की काठी खाली यायची.

मामा म्हणायचे, पावसाळ्यात नदी सगळ्यांचीच मोठी असते, तिचं स्वतःचं पाणी किती ते पौषात दिसतं. तेव्हा ते नुसतं बोलणं वाटायचं, पण त्यात भूगोल आहे. पावसाचं वाहून आलेलं पाणी निघून गेलं की हिवाळ्यात नदीत उरतं ते जमिनीतून हळूहळू झिरपून आलेलं. आपला माळवा पावलोपावली पाण्यासाठी म्हणींमध्ये प्रसिद्ध होता तो या झिरप्यामुळे. आता दोन्ही काठांवर गव्हाला पाणी द्यायला मोटारी लागतात, ट्यूबवेल खोल गेल्या, आणि थंडीतच नदीची साखळी तुटून डबकी होतात.

आता या मुलाबद्दल. माझा भाचा पुण्याला असतो, नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की फ्लाय फिशिंग करतो. मागे डिसेंबरात आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर छोटा शेगडा लावून बसला. कोंबड्याची पिसं, रंगीत दोरे आणि एवढेसे गळ. त्या गळावर तो पिसं बांधून खोटी माशी बनवत होता. माझी सून म्हणाली, हे तर आमच्या भरतकामापेक्षा नाजूक आहे. कणीक नाही, गांडूळ नाही. या प्रकारात आमिषाला वजनच नसतं. नेहमीच्या गळात शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. इथे उलटं आहे. दोरीच जाड आणि जड असते, ती हवेत मागे-पुढे झुलवून लांब फेकायची, आणि तिच्या टोकाची माशी पाण्यावर पिसासारखी उतरते.

लोकांना वाटतं हे काश्मीर-कुलूचं काम. तिकडे ट्राउट मासा आहे, तो इंग्रजांनी बाहेरून आणून सोडलेला. पण ट्राउटची मासेमारी तिकडे थंडीत बंद असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ. हिवाळ्यात काठी बाहेर काढायची तर खाली आपल्या पठारावरच्या नद्यांकडेच यावं लागतं. इथेही थंडीत मासा सुस्त असतो. पाणी गार झालं की त्याची भूक कमी होते, तो खोल पाण्यात जातो. म्हणून पहाटेची घाई नाही. ऊन चढल्यावर, अकरा ते चारच्या दरम्यान, छोटी माशी खोल आणि सावकाश सोडायची. माझ्यासारखीला ही वेळ फारच सोयीची.

एक दिवस आम्ही इंदूरच्या पलीकडे, चोरल नदीवर गेलो. विचारपूस करून, जिथे मनाई नाही अशाच ठिकाणी. चोरल पुढे बडवाहजवळ नर्मदेला मिळते. मला वाटलं, हा आता काठी काढेल. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरला आणि एक दगड उलटून माझ्यासमोर धरला. दगडाला चपटे, करड्या रंगाचे किडे चिकटले होते. शेपटीला तीन केस, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले. तो म्हणाला, "मावशी, ही मे-फ्लायची पिल्लं. महिनोन्‌महिने पाण्यात राहतात आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगतात. मासा आज हेच खात असणार, म्हणून मला याच्यासारखी माशी लावायची आहे." शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली एक बारीक नळी होती. तीही एका किड्याचं घर. आपल्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने तो ते बांधतो. दिवसभरात भाच्याला दोन बोटभर चिलवे मिळाले. गळाला उलटा काटा नव्हता, त्यामुळे त्याने ते पाण्यातच सोडवून दिले. मला त्या चिलव्यांपेक्षा तो दगड जास्त लक्षात राहिला.

दोन दिवसांनी आम्ही तेच उज्जैनच्या जवळ, शिप्रेच्या एका थांबलेल्या पाण्यात केलं. दगड उलटला तर खाली काळा गाळ, आणि त्यात लालभडक बारीक अळ्या वळवळत होत्या. भाच्याने काठी गाडीतून काढलीसुद्धा नाही.

त्या अळ्या लाल का असतात, ते ऐका. आपल्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं, तसलंच त्यांच्या अंगात असतं, म्हणून पाण्यात प्राणवायू फार कमी असला तरी त्या तग धरतात. मे-फ्लायच्या बहुतेक पिल्लांना ते जमत नाही. त्यांना वाहतं, हवा मिसळलेलं पाणी लागतं. त्यामुळे दगडाखाली कोण राहतंय यावरून मागच्या कित्येक महिन्यांचं पाणी कळतं. बाटलीत भरून नेलेला नमुना त्या एका क्षणाचा असतो. पर्वस्नानाच्या आदल्या दिवशी नवं पाणी सोडलं की नमुना चांगला येणार. किड्याला तसं एका रात्रीत आणून बसवता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेसुद्धा नदीच्या तळाच्या या जीवांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत आखलेली आहे. म्हणजे माझा भाचा छंद म्हणून करतो तीच सरकारमान्य परीक्षा आहे. फक्त ती परीक्षा आपण कुणी मागत नाही.

काही जण म्हणतील, घाटावर तर भरपूर मासे आहेत, लोक पिठाच्या गोळ्या टाकतात तेव्हा उसळतात. मासे आहेत म्हणजे नदी बरी, असं सरळ गणित नाही. कुठला मासा आहे ते बघावं लागतं. सावल, म्हणजे आपल्याकडची मरळ, पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकते. थाई मांगूर तर घाणीतही वाढतो, त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे. हे मासे दिसले तर पाणी चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. आणि न खाल्लेलं पीठ पाण्यात कुजतं तेव्हा आहे तोही प्राणवायू खातं. पुण्य जरूर मिळवा, पण गोळ्या थोड्या कमी टाका.

याच्या उलट महाशीर. नर्मदेवर त्याला बाडस म्हणतात. २०११ मध्ये आपल्या राज्याने त्याला राज्यमासा केलं. त्याला दगडगोट्यांचा तळ आणि वाहतं स्वच्छ पाणी लागतं. एके काळी नर्मदेच्या काही भागांत धरलेल्या माशांत पाव हिस्सा याचाच असे. धरणं झाली, वाळू उपसली गेली, आणि आज त्याची पिल्लं हाताने वाढवून सोडायचे प्रयोग करावे लागताहेत. महाराष्ट्रातही याचा भाऊबंद आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं. आज पुण्यात मुठेच्या पुलावर उभं राहून त्या नावाची आठवण काढा, म्हणजे नदी हातातून जाते तेव्हा काय काय जातं ते कळेल. लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर १९७० च्या दशकापासून महाशीराची पिल्लं वाढवतात, ती ठिकठिकाणच्या नद्या-तलावांत सोडली जातात. पण पिल्लू सोडायला आधी नदी हवी ना!

आता आपल्या शिप्रेचं बघू. २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पंपाने सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून उज्जैनी गावाजवळ शिप्रेत सोडलं. २०१६ चं सिंहस्थ त्या पाण्यावर निभावलं, ते मी नाकारत नाही. पण पंप थांबला की नदी थांबते. २०१९ च्या जानेवारीत शनिश्चरी अमावास्येला त्रिवेणीवर स्नानापुरतंही पाणी नव्हतं, लोकांनी चिखलात आंघोळ केली आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. ती ऐन थंडी होती. बदली झाल्यावर विषय संपला, कारण तक्रार डुबकीची होती आणि पुढच्या पर्वाला डुबकीची सोय झाली.

इंदूरहून येणाऱ्या खान नदीचंही तसंच. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ज्याचा वर्षानुवर्षं पहिला नंबर येतो, त्याचं सांडपाणी त्रिवेणीला आपल्याकडे येत होतं. २०१६ च्या आधी ते पाइपातून वळवून घाटांना बगल देऊन कालियादेहच्या बाजूला नेलं. आता त्याहून मोठा बंद नाला बांधायचं काम काढलं आहे. तो खानचं पाणी शिप्रेऐवजी गंभीर नदीत, धरणाच्या खालच्या अंगाला सोडणार. धरणातलं आपलं पिण्याचं पाणी वाचलं, घाट वाचले. खालच्या गंभीरचं काय?

ही तीच गंभीरा आहे, मंडळी. मेघदूतात कालिदासाने तिच्या पाण्यात उसळणाऱ्या छोट्या शफरी माशांना तिचे कटाक्ष म्हटलंय आणि मेघाला सांगितलंय की त्यांच्याकडे पाठ फिरवू नकोस. दर कार्तिकात, देवउठणी एकादशीला, आपल्याकडे कालिदास समारोह सुरू होतो. १९५८ पासून होतोय. आपल्यातले कितीतरी जण तिथे नाटकं बघत मोठे झाले. इतक्या वर्षांत एकदा तरी कुणी गंभीरवर जाऊन बघितलं का, की ती शफरी अजून आहे का? समारोहाच्या एखाद्या सकाळी हा कार्यक्रम ठेवला तर माझ्या मते कालिदासाचा त्याहून मोठा सन्मान नाही.

सरकार काहीच करत नाही असं माझं म्हणणं नाही. सांडपाणी शुद्ध करायचे प्लांट होताहेत, पावसाचं पाणी सिलारखेडीच्या तलावात साठवून पुढे शिप्रेत सोडायची योजना आहे. ते चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्याच्या यशाची कसोटी जानेवारीतला दगड असू द्या. त्रिवेणीच्या वर, रामघाटाच्या खाली आणि गंभीरवर, अशा तीन जागी तीन दगड. दर वर्षी तेच बघायचं.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मी स्वतःच घेते. पहिला हिंसेचा. पोटासाठी मासा धरणं समजू शकतं, पण नुसत्या मजेसाठी गळाला लावून परत सोडून द्यायचं, हा कसला खेळ? हा प्रश्न मला अजूनही टोचतो. भाच्याशी वाद घातला. तो म्हणाला, सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही, म्हणून गळाला काटा ठेवायचा नाही, हात ओले करून धरायचं, पाण्याबाहेर कमीत कमी ठेवायचं. मला हे पूर्ण पटलं नाही. पण दुसऱ्या पारड्यात मी हे टाकते की, सांडपाण्याने एका रात्रीत हजारो मासे मरून तरंगतात तेव्हा गळ हातात धरलेलाच माणूस पहिला ओरडतो, कारण त्याचं तिथे रोजचं जाणं-येणं आहे. आपण शाकाहारी माणसं नाकाला रुमाल लावून पुलावरून पुढे जातो. तेव्हा हिंसेचा हिशेब करताना दोघांचाही करा.

दुसरा आक्षेप, हे साहेबांचं फॅड आहे. काठी साहेबाची असेल, छंद नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मासे गळाने धरण्याच्या विनोदावर वेगळं प्रकरण आहे, कुठल्या माशाला कुठलं आमिष इथपर्यंत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. ज्यांचं पोट नदीवर आहे त्या भोई, कहार, केवट मंडळींना विचारल्याशिवाय महागड्या काठ्या घेतलेल्यांनी नदीबद्दल बोलू नये. अगदी मान्य. शाकुंतलातला धीवर आठवा. अंगठी त्याला रोहूच्या पोटात सापडली, आणि शिपाई त्यालाच चोर म्हणून बडवत होते. तरी त्याने ठणकावून सांगितलं की माझा धंदा जन्माने आलेला आहे, त्याला नावं ठेवू नका. नदीत काय हरवलंय हे आजही त्यालाच आधी कळतं. आपल्या सहलीला अशा एखाद्या काकांना मानाने बोलवा, त्यांचा दिवसाचा रोज द्या, आणि पोरांना त्यांच्यासमोर बसवा.

आपण उज्जैनचे मराठी लोक घाटांची माणसं. रामचंद्रबाबा शेणवींनी महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं, बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर बांधलं, वैकुंठ चतुर्दशीला हरिहर भेटीच्या सवारीला आपली घरं अजून रात्र जागवतात. याचा अभिमान आहेच. पण घाट बांधून दोनशे-अडीचशे वर्षं झाली. या पिढीने काय केलं असं नातवंडांनी विचारलं तर नवा दगड बसवल्याचं सांगू नये, जुना दगड उलटून बघितल्याचं सांगावं असं मला वाटतं.

तेव्हा माझी सूचना अगदी छोटी आहे. यंदा पौषातल्या एका रविवारी दाल-बाफल्यांची सहल नदीकाठी ठेवू. गोवऱ्या पेटून बाफले होईपर्यंत तसंही दोन तास कुणाला काम नसतं. तेवढ्या वेळात सातवीच्या पुढची मुलं, प्रत्येक चार मुलांमागे एक मोठं माणूस, गुडघ्याच्या खालपर्यंतच पाण्यात उतरतील. सोबत एक पांढरी ताटली, जुना टूथब्रश, भिंग आणि वही. दगड ताटलीत धरायचा, ब्रशने हलकेच झाडायचं, काय पडलं ते मोजायचं. तीन शेपट्यावाला किडा, वाळूच्या नळीतला किडा, लाल अळी. प्रत्येकाचा वेगळा रकाना. घाण पाण्यात उतरायचं नाही, तिथे काठावरूनच बघायचं, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय बाफल्याला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी तीच जागा, तोच महिना. २०२८ येईपर्यंत आपल्याकडे स्वतःची वही असेल. मग शिप्रा शुद्ध झाली असं कुणी भाषणात म्हणालं, तर वही उघडून दाखवता येईल. खरंच झाली असेल तर पेढे मी वाटीन.

वही मी आणते. भाच्याला डिसेंबरात यायला सांगितलंय. कोण कोण येणार ते कळवा, म्हणजे कणीक किती भिजवायची ते ठरवता येईल. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की दगड बघून झाला की होता तिथे, होता तसाच परत ठेवायचा.